बॉनेटखालचं कार्बन फायबर: खान्देशच्या उन्हात टिकेल असा पार्ट घरी बनवताना

कार्बन फायबरचं काम शिकणारा प्रत्येक जण आधी कापडाबद्दल विचारतो. कुठलं घ्यावं, विणकाम कसलं, चकाकी कशी येते. माझं सांगणं असं की आधी रेझिनचं, म्हणजे कापड ज्यात भिजवून कडक करतात त्या चिकट द्रवाचं, ठरवा. बॉनेटखाली पार्ट वाकतो, पिळतो किंवा पिवळट होतो तो रेझिनमुळे, कापडाचा त्यात फारसा दोष नसतो. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं. थंड प्रदेशातल्या माणसाने लिहिलेली कृती इथे जशीच्या तशी वापरली, तर कपातलं रेझिन निम्मं काम होण्याआधीच घट्ट होतं. आणि तयार झालेला पार्ट पहिल्याच उन्हाळ्यात मऊ पडू शकतो.

वजनाबद्दलही स्पष्ट बोलतो. इंजिन कव्हर किंवा रेडिएटरवरचं झाकण कार्बनचं केल्याने गाडी पळायला लागत नाही. वाचतात ते काही ग्रॅम, फार तर अर्धा-पाऊण किलो. हे काम हाताच्या कारागिरीसाठी आणि बॉनेट उघडल्यावर मिळणाऱ्या समाधानासाठी करायचं. ते कारण मला पुरेसं वाटतं.

कुठला पार्ट करायचा, कुठला नाही

पहिल्या कामाला रेडिएटरच्या वरचं प्लास्टिकचं झाकण सगळ्यात चांगलं. ते बरंचसं सपाट असतं, पुढे असल्यामुळे त्याला एक्झॉस्टची धग लागत नाही आणि त्याच्यावर कुठलाही भार नसतो. त्यानंतर फ्यूज बॉक्सचं झाकण, इंजिन कव्हर आणि हवा आत घेणारी पुढची नळी, या क्रमाने जा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा टर्बोच्या शेजारचा पार्ट घरच्या रेझिनमध्ये करू नका. तिथलं तापमान काहीशे अंशांत असतं आणि इपॉक्सी (पार्टसाठी वापरायचं रेझिन) पेट घेऊ शकतो. स्ट्रट टॉवरमधला (पुढच्या सस्पेन्शनच्या दोन बाजू जोडणारा) दांडा, इंधनाच्या नळीचे क्लॅम्प, बॅटरी धरून ठेवणारी पट्टी, ब्रेकशी संबंधित काहीही घरी करायचं नाही. हे पार्ट तुटले तर माणसाच्या जिवावर बेततं, आणि घरच्या पार्टची ताकद तपासायची साधनं आपल्याकडे नसतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत. शोभेचं झाकण बदलणं वेगळं आणि गाडीच्या रचनेला हात लावणं वेगळं, हा फरक लक्षात ठेवा. मूळ प्लास्टिकचा पार्ट जपून ठेवा. वॉरंटीच्या वेळी किंवा गाडी विकताना तो परत बसवता येतो.

आधी तापमान मोजा

मल्टिमीटरला लागणारा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) घ्या. ज्या पार्टची नक्कल करायची त्याच्या खालच्या बाजूला तो उष्णता सहन करणाऱ्या टेपने चिकटवा, वायर केबिनमध्ये आणा आणि गाडी चालवा. चाळीसगावकडून कन्नड घाट चढून जा, वर गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं आकडा बघत बसा. चालत्या गाडीत वाऱ्याने बॉनेटखाली थोडी थंडाई असते. इंजिन बंद झालं की वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि तापलेल्या लोखंडाची सगळी उष्णता वर येते. सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा तेव्हाच दिसतो. दुपारच्या उन्हात मोजलंत तर उत्तमच, कारण पार्टला जगायचं आहे ते त्याच उन्हात.

पुढच्या झाकणाजवळ साधारण ६० ते ९० अंश मिळतील, इंजिनच्या डोक्यावर त्याहून जास्त. जो आकडा मिळेल त्यात निदान २० अंश मिळवा. तेवढा तुमच्या रेझिनचा टीजी हवा.

टीजी म्हणजे ग्लास ट्रान्झिशन तापमान. त्याच्या वर गेलं की कडक रेझिन रबरासारखं नरम पडतं. वितळत नाही, पण आकार धरून ठेवत नाही. खोलीच्या तापमानाला सुकलेल्या साध्या इपॉक्सीचा टीजी बहुधा ५० ते ७० अंशांतच अडकतो. म्हणजे बाहेरून दगडासारखा वाटणारा पार्ट बॉनेटखाली पहिल्याच दिवशी आपल्या मर्यादेपलीकडे जातो. यावर उपाय पोस्ट-क्युअर, म्हणजे पार्ट तयार झाल्यावर त्याला ठरावीक चढत्या तापमानाला भाजणं. पण पोस्ट-क्युअरने टीजी किती चढेल ते रेझिन आणि हार्डनर (त्यात मिसळायचं, ते कडक करणारं द्रव्य) यांच्या जोडीवर ठरतं. म्हणून विकत घेताना दुकानदाराकडून माहितीपत्रक मागा आणि त्यात तीन गोष्टी बघा: पोस्ट-क्युअरनंतरचा टीजी, २५ अंशांना पॉट लाइफ (कालवलेलं रेझिन किती वेळ वापरता येतं) किती, आणि रेझिन-हार्डनरचं वजनाचं प्रमाण. टीजी ११०–१२० च्या वर आणि हार्डनर स्लो, अशी जोडी आपल्याकडे हवी. माहितीपत्रक न देणाऱ्याकडून रेझिन घेऊ नका.

सामान

कार्बनचं कापड ३के, २०० ग्रॅमचं, २x२ ट्विल (तिरक्या विणीचं) घ्या. ३के म्हणजे एका धाग्यात तीन हजार तंतू. ट्विल कोपऱ्यांवर प्लेन विणीपेक्षा सहज वळतं. कापड गुंडाळीतच मागवा. घडी घातलेल्या कापडावरची मोड शेवटपर्यंत दिसते. हे कापड काचेच्या तंतूंच्या कापडापेक्षा कित्येक पट महाग असतं, म्हणून पहिला सराव काचेच्या कापडावर करा. त्यात रेझिन नीट भिजलं की कापड पारदर्शक होतं आणि कोरडी जागा लगेच कळते. कार्बनमध्ये ती सोय नाही.

कापड, चांगलं इपॉक्सी आणि व्हॅक्यूमचं सामान पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं. बाकीचं आपल्याकडेच मिळतं. साच्यासाठीचं पॉलिस्टर रेझिन, चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चटई) आणि जेलकोट (साच्याचा गुळगुळीत वरचा थर) हे फायबरच्या टाक्या आणि बंपरची कामं करणाऱ्यांकडे असतं. व्हॅक्यूम पंप फ्रिज-एसीच्या मेकॅनिककडचा चालतो. आणि ०.१ ग्रॅमचा काटा जळगावच्या सराफ बाजारात तोलामापाच्या दुकानात मिळेल. या सगळ्या कामात तो काटा सर्वांत महत्त्वाचा.

फायबरवाल्यांकडून शिकताना एक सवय मात्र उचलू नका. पॉलिस्टरमध्ये ते ऊन-थंडी बघून हार्डनर कमी-जास्त टाकतात. पॉलिस्टरचा हार्डनर, म्हणजे एमईकेपी, खरं तर प्रक्रिया सुरू करून देणारा कॅटॅलिस्ट आहे, म्हणून १ ते २ टक्क्यांत तेवढी मोकळीक चालते. इपॉक्सीत हार्डनर रेझिनशी जोडला जाऊन त्याचाच भाग होतो. १०० ला ३० सांगितलं असेल तर ३०च. कमी टाकलं तर सुकणार नाही आणि जास्त टाकलं तर टीजी पडेल. वेग बदलायचा असेल तर वेगळा हार्डनर घ्यायचा, प्रमाणाला हात लावायचा नाही.

एमईकेपीबद्दल दोन गोष्टी जिवाच्या आहेत. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा सक्तीचा. आणि तो कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटरमध्ये (पॉलिस्टर लवकर सुकवणारं द्रव्य) थेट कधीही मिसळायचा नाही, स्फोट होऊ शकतो. आधी अ‍ॅक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच एमईकेपी टाका. अ‍ॅक्सिलरेटर आधीच मिसळलेलं रेझिन मिळालं तर तेच घ्या.

कातडी चढवायची की साचा काढायचा

मूळ पार्टवरच कार्बनचा एक थर चिकटवणं ही सोपी वाट दिसते. करण्याआधी पार्ट उलटा करून मागची खूण वाचा. `>पीए६६-जीएफ३०<` अशी असेल तर तो काच भरलेला नायलॉन आहे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून इपॉक्सी त्याला धरतं. `>पीपी<` ने सुरू होणारी खूण असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, आणि त्याला इपॉक्सी चिकटत नाही. घासलं तरी उन्हाळ्यात पापुद्रा निघतो. झाकणं पुष्कळदा पीपीची असतात. म्हणून साचा काढायची पद्धत शिकून घ्यावी असं माझं मत आहे. साच्यातून निघालेला पार्ट खरोखर कार्बनचा असतो आणि दुसरा काढायचा तर साचा तयारच असतो.

साचा

मूळ पार्ट धुवा, तेल-ग्रीस काढा. क्लिपांची भोकं आणि जाळ्या मागून टेप लावून खेळायच्या तेलमातीने भरा, वरून पात्याने सपाट करा. प्लास्टिकला खरखरीत दाणा असेल तर तो साच्यात आणि पुढे पार्टवरही उतरतो. त्यावर प्रायमर मारून, घासून, गुळगुळीत करून मगच पुढे जा. नंतर कडा बघा: पार्ट सरळ वर उचलला तर साच्यातून सुटेल का? कुठे आत वळलेली कड असेल तर ती तेलमातीने भरा किंवा साचा दोन तुकड्यांत करा. पार्ट पत्र्यावर किंवा लॅमिनेटवर बसवा आणि चारही बाजूंना दहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. पुढे व्हॅक्यूमची पिशवी याच कडेला चिकटणार आहे.

वॅक्सला घाई नको. रिलीज वॅक्सचा (साचा चिकटू नये म्हणून लावायचं मेण) पातळ हात फिरवा, सुकू द्या, सुती कापडाने चमक येईपर्यंत पुसा, तासभर थांबा, पुन्हा लावा. असे पाच-सहा हात. त्यावर पीव्हीए रिलीजचा (साचा सुटावा म्हणून मारायचा, पाण्यात विरघळणारा पडदा) पातळ फवारा. पॉलिस्टरमधलं स्टायरीन एबीएससारखं प्लास्टिक आणि काही रंग खातं. पीव्हीएचा हा पडदा त्यापासूनही वाचवतो.

टूलिंग जेलकोटचे दोन हात द्या. पहिला बोटाला चिकचिकीत लागेल पण बोटावर येणार नाही, तेव्हा दुसरा. त्यानंतर ३०० ग्रॅमच्या मॅटचा एकच थर, ब्रशने टोचून हवा काढत. तो रात्रभर तसाच ठेवा. हा पहिला थर शांतपणे सुकला तर मॅटची नक्षी जेलकोटवर उमटत नाही. दुसऱ्या दिवशी ४५० ग्रॅमचे चार-पाच थर, दोन-दोन करून. सगळे एकदम चढवले तर साचा आतून तापतो आणि वाकतो. मागे लाकडी पट्ट्या फायबरने बसवा. आठवडाभर सावलीत, मूळ पार्टवरच राहू द्या, मग प्लास्टिकच्या पाचरींनी आणि हवेच्या पाइपने सोडवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर कडेत घालू नका. साच्यावर राहिलेला पीव्हीए पाण्याने निघतो. नंतर आतला भाग १००० पासून २००० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासा आणि कंपाउंड मारा. पार्टची चकाकी इथेच ठरते.

कधी काम करायचं

तापमान १० अंशांनी वाढलं की रेझिनची पॉट लाइफ साधारण निम्मी होते. २५ अंशांना तासभर टिकणारं मिश्रण ३५ ला अर्धा तास आणि ४५ ला पंधरा मिनिटं देतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला सुरू करून साडेसातपर्यंत आटपायचं. डिसेंबर-जानेवारीत उलटं. पहाटे गारठ्याने रेझिन मधासारखं जाड होतं आणि कापडात शिरत नाही, तेव्हा दुपारी अकरा ते तीन. पावसाळ्यात शक्यतो हे काम टाळावं. हवेत ओल ६५–७० टक्क्यांच्या वर असली की सुकलेल्या इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा धरतो. कोमट पाण्याने आणि स्क्रबरने धुतल्याशिवाय त्यावर पुढचा हात चिकटत नाही. एकूणात दिवाळीनंतरचे तीन-चार महिने सर्वांत चांगले.

थर घालणं

९० बाय ३० सेंटिमीटरचं झाकण धरू. कडांसकट कापड साधारण ०.३५ चौरस मीटर लागतं. चार थर म्हणजे १.४ चौरस मीटर, वजन २८० ग्रॅम. हाताने घालताना कापडाएवढंच रेझिन धरा आणि ब्रश-कपात वाया जाईल म्हणून आणखी पाव हिस्सा वाढवा, म्हणजे ३५० ग्रॅम. प्रमाण १०० ला ३० असेल तर २६९ ग्रॅम रेझिन आणि ८१ ग्रॅम हार्डनर. हे एकाच कपात कधीही मिसळू नका. इपॉक्सी ढिगात स्वतःच तापतं, ढीग मोठा असला तर कप धुमसायला लागतो. शंभर-सव्वाशे ग्रॅमचे घाणे करा, तीन मिनिटं कडा-तळ खरवडत ढवळा, दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत ढवळा आणि पसरट ट्रेमध्ये काढा.

कापड आधीच कापून ठेवा. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावा आणि टेपच्या मधोमध कात्री चालवा, धागे सुटणार नाहीत. प्रत्येक तुकड्यावर टेपच्या चिठ्ठीने विणीची दिशा दाखवा.

साच्याला वॅक्स आणि पीव्हीए पुन्हा द्या. स्वच्छ इपॉक्सीचा पातळ हात मारा आणि तो चिकचिकीत होईपर्यंत थांबा. मग दिसणारा पहिला थर, मधून कडांकडे तळव्याने बसवत. आतल्या कोपऱ्यात कापड ताणून पुलासारखं राहिलं तर तिथे रेझिनचा खड्डा होतो, म्हणून कोपरा बोटाने आधी दाबा, मग बाकीचं. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. ओढला की वीण सरकते आणि ती कशानेच लपत नाही. दुसरा आणि तिसरा थर पहिल्याच्या विणीला ४५ अंशांच्या कोनात तिरका, चौथा पहिल्यासारखा. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना थर सारखे असले की पार्ट पिळत नाही.

कार्बनमधून वीज वाहते, हे इथेच ध्यानात घ्या. अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकला आणि पावसाचं पाणी लागलं की अ‍ॅल्युमिनियम गंजून पांढरं पडतं. बॅटरीच्या दोन्ही टोकांना लागला तर शॉर्ट होतो. म्हणून बोल्ट बसतील तिथे आणि बॅटरीकडच्या बाजूला मागून काचेच्या कापडाचे तुकडे लावा. पूर्ण मागची बाजू काचेची करायचा मोह होतो, तो टाळा. उष्णतेने काच-इपॉक्सी जास्त पसरतं, कार्बन जवळजवळ नाही, आणि पातळ झाकण पोस्ट-क्युअरमध्ये केळीच्या पानासारखं वळतं.

व्हॅक्यूम

नुसत्या हाताने घातलेला पार्टही वापरता येतो. पण व्हॅक्यूममध्ये, म्हणजे वरून प्लास्टिकची पिशवी चिकटवून पंपाने आतली हवा ओढून, जवळपास पूर्ण दाब मिळाला तर दर चौरस फुटावर नऊशे किलोच्या आसपास भार पडतो. जादा रेझिन निघून जातं आणि हवेचे फुगे आकसतात. क्रम असा: पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), त्यावर भोकांची रिलीज फिल्म, त्यावर ब्रीदर (हवा जाऊ देणारा आणि जादा रेझिन शोषणारा जाड थर), सगळ्यांवर पिशवी. पिशवी पार्टपेक्षा बरीच मोठी घ्या आणि कडेला सीलंट टेपच्या उभ्या चुण्या ठेवा, म्हणजे ती कोपऱ्यांत सैल उतरेल. पंप आणि पिशवीच्या मध्ये रेझिन पकडायला जाड भिंतीचा डबा हवाच. रेझिन पंपात गेलं तर पंप संपला.

रेझिन कालवण्याआधी कोऱ्या साच्यावर पिशवी लावून बघा. व्हॅक्यूम ओढा, व्हॉल्व्ह बंद करा, दहा मिनिटं व्हॅक्यूम मीटरचा काटा बघा. उतरत असेल तर कानाने फुसफुस शोधा, बहुतेक ती चुण्यांच्या मुळाशी सापडते. हा व्हॉल्व्ह आपल्याकडे आणखी एका कारणाने लागतो. मधेच लाइट गेली तर लगेच बंद केला की पिशवी धरून राहते. रेझिन घट्ट होईपर्यंत व्हॅक्यूम सोडायचा नाही, आणि पार्ट निदान २४ तास साच्यातच ठेवायचा.

भाजणं

साचा साध्या पॉलिस्टरचा असेल तर ६० अंशांच्या वर तो स्वतःच नरमतो. म्हणून पहिला टप्पा साच्यातच ५० अंशांपर्यंत, काही तास. मे महिन्यात बंद पत्र्याची काळी पेटी उन्हात ठेवली तरी तेवढं होतं. आत थर्मामीटर ठेवा आणि जास्त चढलं तर झाकण किलकिलं करा. त्यानंतर पार्ट बाहेर काढून, वाकू नये म्हणून लाकडी चौकटीवर टेकवून, खऱ्या भट्टीत.

भट्टी प्लायच्या खोक्याला आतून ग्लासवूल आणि पत्रा लावून, छोटा हीटर, पंखा आणि थर्मोकपलवाला टेम्परेचर कंट्रोलर बसवून होते. थर्माकोल आत लावू नका, तो याच तापमानाला आकसतो. पहिल्यांदा चालवताना बाजूला उभे राहा. एमआयडीसीतल्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी मिळाली तर आणखी चांगलं, पण त्यांचं काम १८०–२०० अंशांचं असतं. त्यांच्या जॉबबरोबर पार्ट टाकायचा नाही, त्यांना आपलं तापमान वेगळं लावून द्यायला सांगायचं.

तासाला १० ते १५ अंशांनी चढवा. ६० ला दोन तास, ८० ला चार तास, मग माहितीपत्रकात सांगितलेल्या शेवटच्या तापमानाला तेवढे तास. उतरतानाही हळू. भट्टी बंद करून दार न उघडता सकाळपर्यंत राहू द्या.

कापणं आणि बसवणं

कडा हिऱ्याच्या कटिंग व्हीलने कापा. एन९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. घासणं पाणी लावूनच. कार्बनची धूळ वीज वाहून नेते, तेव्हा इन्व्हर्टर, लॅपटॉप किंवा उघड्या बॉनेटजवळ हे काम करू नका. नंतर हात आधी गार पाण्याने धुवा, चोळू नका.

चकाकीसाठी ४०० ते १२०० पेपर, मग गाडी रंगवणाऱ्याकडून टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक लेप) दोन हात. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, क्लिअर त्याला आडोसा देतं.

बसवताना भोकं बोल्टपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठी ठेवा, स्टेनलेसचे बोल्ट वापरा आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचे वायसर. कसून आवळायचं नाही. मूळ झाकणाला खालून रबर किंवा फोमची पट्टी असेल तर ती नव्यावर लावा. ती नसली तर रेडिएटरच्या मागची गरम हवा वरून परत पुढे येते आणि भर उन्हात एसी गार करत नाही. बॉनेटचं लॉक आणि त्याची केबल कुठे अडत नाही ना, हे चार-पाच वेळा बॉनेट लावून-उघडून बघा. इंजिनकडच्या बाजूला उष्णता परतवणारी टेप लावली तर पार्टचं आयुष्य वाढतं.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, गाडी गरम असतानाच, झाकण मधोमध हाताने दाबून बघा. थंड असताना कडक आणि गरम असताना लवचीक लागलं, तर टीजी कमी पडला आहे, पार्ट काढा आणि पुन्हा वरच्या टप्प्याला भाजा. बोल्टभोवती पांढरे ठिपके किंवा बारीक चिरा दिसल्या तर भोक मोठं करून वायसर बदला. आणि साचा पत्र्याच्या शेडमध्ये उभा टेकवून ठेवू नका. घरात, सावलीत, आतून वॅक्सचा एक हात देऊन, आडवा ठेवा.